‘मॅडम, घरबसल्या काही कमवता येईल का?’

फीचा पहिला हप्ता भरून झाला की जुलै-ऑगस्टपासून हा प्रश्न माझ्यासारख्या समुपदेशकाकडे यायला लागतो. सरळ कोणी विचारत नाही. झोप येत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, घरी फोन करावासा वाटत नाही, असं काहीतरी सांगत मुलं येतात. थोडं बोलणं झालं की मोबाईल पुढे सरकतो आणि त्यावर कुठल्या तरी ‘पार्टटाइम’चा मेसेज असतो. पालक येतात त्यांची तक्रार उलट्या बाजूने: ‘दिवसभर मोबाईलमध्ये असतो, विचारलं तर म्हणतो कमावतोय.’ प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकाची हकीकत सांगते. त्याला निखिल म्हणू. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

निखिल बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, करमाळ्याकडचा, पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा. वडिलांचं टेलरिंगचं दुकान. टेलिग्रामवर त्याला काम मिळालं होतं: हॉटेलांना ऑनलाइन रेटिंग द्यायचं, एका रेटिंगला पन्नास रुपये. तीन दिली, दीडशे रुपये खरोखर खात्यात आले. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू झाले. हजार भरले, तेराशे आले. पाच हजार भरले, ते अडकले. ते सोडवायला बारा हजार भरले, तेही अडकले. ग्रुपवर ‘मला मिळाले’ म्हणत धडाधड स्क्रीनशॉट टाकणारी मंडळी त्यांचीच माणसं असतात, हे त्याला नंतर कळलं. दुसऱ्या हप्त्यासाठी ठेवलेले सतरा हजार गेले.

गंमत म्हणजे तो या फसवणुकीसाठी माझ्याकडे आलाच नव्हता. आता कुणीतरी त्याला महिनाभर बँक खातं वापरायला मागितलं होतं, आठ हजार देतो म्हणून. ते द्यावं की नाही, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

‘निम्मे तरी सुटतील ना, मॅडम.’

‘तुझ्या खात्यात पैसे कुणाचे येणार?’

‘ते नाही सांगितलं त्यांनी.’

‘तुझे सतरा हजार कुठे गेले असतील? असंच आठ हजारांवर कुणीतरी दिलेलं खातं असणार ना?’

तो माझ्याकडे बघतच राहिला. हा व्यवहार मुलांना कुणी समजावून सांगत नाही. फसवणुकीचा पैसा भाड्याच्या खात्यांतून फिरवला जातो आणि तपास सुरू झाला की पोलीस पहिल्यांदा खातेदाराकडे येतात. खातं गोठतं, शिष्यवृत्ती त्याच खात्यात येत असेल तर तीही अडकते. त्या दिवशी समुपदेशन बाजूला ठेवून मी त्याला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायला लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायला लावली. हा फोन जितका लवकर, तितकी पैसे वाटेतच थांबवले जाण्याची शक्यता जास्त. निखिलने तीन आठवडे कुणाला काही सांगितलं नव्हतं. पैसे आजवर परत आलेले नाहीत.

पुढच्या काही भेटींत तो एकच पालुपद लावून बसायचा, ‘मी इतका मूर्ख कसा?’ मूर्ख तो नव्हता. अकाउंट्समध्ये वर्गात पहिल्या पाचांत असलेल्या मुलाला, काम देणारा उलटे पैसे का मागतो, हे कळत नाही असं मला पटेना. मग मी सतरा हजार सोडून दिले आणि त्या पहिल्या दीडशे रुपयांकडे वळले.

‘दीडशे जमा झाल्याचा मेसेज आल्यावर तू पहिल्यांदा काय केलंस?’

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बाबांना फोन केला. सांगितलं, आता मेसचे पैसे पाठवू नका, मी कमावतोय.’

‘ते काय म्हणाले?’

‘दुकानात गिऱ्हाईक होतं. त्याला ऐकवलं त्यांनी, पोरगं कमवायला लागलं म्हणून.’

मला जे हवं होतं ते इथे हाती लागलं. पाच हजार अडकले तेव्हाच त्याला शंका आली होती. पण शंका खरी मानली तर करमाळ्याला फोन करून ‘मी कमावत नाही’ असं सांगावं लागणार होतं. पुढचे बारा हजार त्याने तो एक फोन खोटा ठरू नये म्हणून भरले होते. तोपर्यंत त्याला वाटत होतं की आपल्याला लोभ नडला. अशा बऱ्याच मुलांना लोभापेक्षा घरच्या ओझ्याची लाज नडते, आणि फसवणारे याच लाजेवर धंदा करतात, असं माझं मत आता पक्कं झालं आहे.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत तयार झालेली. तिथे पैसे मिळाले नाहीत याचं वाईट वाटणं योग्यच मानतात; ‘पैसे मिळवले नाहीत म्हणजे मी कुचकामी’ ही उडी मात्र अडवतात. निखिलला मी विचारलं, ‘बाबांचं दुकान सगळ्यात जोरात कधी चालतं?’

‘लग्नसराईत. आणि दिवाळीला.’

‘आषाढात?’

‘कधी कधी दिवसाला एक ब्लाउज.’

‘मग आषाढात ते बाप म्हणून कमी असतात?’

‘असं कसं असेल!’ तो चिडलाच. ते चिडणं मला फार आवडलं. वडिलांसाठी ज्या हिशोबाने तो चिडला, तोच हिशोब स्वतःला लावत होता, हे मला बोलून दाखवावं लागलं नाही. त्याच आठवड्यात त्याने घरी सगळं सांगितलं. वडिलांनी आधी भरपूर शिव्या घातल्या आणि मग विचारलं, मेसचे भरलेस का.

‘कमावणं’ मी त्याला सोडायला लावलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, त्या परंपरेतली ‘कमवा आणि शिका’ योजना आजही आपल्या विद्यापीठांत चालते. काम ठरलेलं, तास ठरलेले, देणारा समोर. ऑनलाइन कामालाही मी हेच विचारायला सांगते: मी नेमकं काय करून देणार, आणि ते कुणाला का हवं आहे? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर पुढे जाऊ नये. सुरुवातीलाच रजिस्ट्रेशन, किट, डिपॉझिट मागितलं तर बोलणं तिथेच संपवावं. ‘डेटा एन्ट्री’त चुका काढून व्हॉट्सअॅपवर वकिलाची नोटीस पाठवणारेही आहेत, त्या भीतीने मुलं पैसे भरतात. भरू नयेत, ती नोटीस घेऊन घरी किंवा पोलिसांकडे जावं.

ट्रेडिंगबद्दल मुलगे हटकून विचारतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स (म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरचे सौदे) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्यानेच बंदी आली. यूट्यूब खुशाल करा, पण जाहिरातींचा वाटा मिळायला एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं (किंवा शॉर्ट्सचे प्रचंड व्ह्यूज), तेव्हा या सत्राची फी त्यातून निघणार नाही.

निखिलकडे विकण्यासारखं एक होतं, ते त्याला कामच वाटत नव्हतं. दहावीनंतर गावात त्याने मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली होती. नुसत्या टायपिंगला आता फारसा भाव नाही, मोबाईलच बोललेलं लिहून देतो. पण क्लासवाल्यांकडे, छोट्या प्रेसवाल्यांकडे श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये केलेला मजकूर पडून असतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे आता मोबाईल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या लिपीत, आणला की रफार भलत्या अक्षरावर जातात, जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या हलतात. ते नीट करायला मराठी येणारा, चिकट माणूस लागतो. त्याच्या ओळखीच्या एका क्लासच्या सरांना त्याने दोन पानं फुकट करून दाखवली, तिसऱ्यापासून पैसे घेतले. पहिल्या महिन्यात दोन हजारांच्या आतच मिळाले. नंतर त्याने फायव्हर या ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या साइटवर प्रोफाइल टाकलं. तिथे शंभर डॉलरच्या कामाचे ऐंशीच हातात येतात, हे आधी सांगून ठेवलं होतं. इतर मुलंमुली शाळकरी पोरांची ऑनलाइन शिकवणी घेतात, मराठी सबटायटल करतात, कोपऱ्यावरच्या दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळतात. जवळजवळ सगळ्यांचं पहिलं गिऱ्हाईक ओळखीतलंच असतं.

पालकांना एक विनंती. मुलगा कमावतोय म्हणाला तर किती, हे लगेच विचारू नका. काय करतोस ते दाखव म्हणा, आणि दहा मिनिटं शेजारी बसून बघा.

परवा निखिलचा मेसेज होता. एका प्रेसवाल्याचं तीनशे पानांचं काम आलंय, दर कमी आहे, घेऊ का? मी विचारलं, परीक्षा कधी आहे? पंधरा दिवसांनी. परीक्षेनंतर घे म्हटलं, आणि निम्मे पैसे आगाऊ माग.