मूल्यमापन, मूल्यांकन आणि औषधाला आलेला गुण

सिंधुदुर्गातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. किनाऱ्यावर काही वर्षांपूर्वी झालेल्या एका प्रकल्पाचा इंग्रजी अहवाल त्या मराठीत आणत आहेत, बचत गटातल्या बायकांना आणि मच्छीमारांना तो वाचता यावा म्हणून. संगणकाने पहिल्याच ओळीचे भाषांतर असे करून दिले: 'पर्यावरणीय संधींच्या क्रियान्वयनात विकसनशील देशांना साहाय्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे मूल्यांकन'. ताई विचारतात, 'इव्हॅल्युएशन'ला मूल्यांकन म्हणायचे की मूल्यमापन? आणि आउटपुट, आउटकम, इम्पॅक्ट या तिन्हींना 'परिणाम' हा एकच शब्द पुरेल का?

पहिल्याचे उत्तर मूल्यमापन. दुसऱ्याचे उत्तर, अजिबात पुरणार नाही. पण त्याआधी त्या ओळीतला एक शब्द दुरुस्त करायला हवा, नाहीतर पुढचे सगळे वाया जाईल.

'पर्यावरणीय संधी' वाचून मराठी माणसाला वाटेल की पर्यावरणात काही नोकऱ्या निघाल्या आहेत. हिंदीत 'संधि' म्हणजे दोन राज्यांमधला करार. मराठीत संधी म्हणजे मोका, आणि व्याकरणात दोन वर्णांचा जोड. 'ट्रीटी'ला आपल्याकडे जुना शब्द तह. पण पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह ही नावे ऐकली की आधी लढाई डोळ्यांपुढे येते. ओझोनच्या थरासाठी किंवा पाणथळ जागांसाठी देश एकत्र आले, तिथे करार हाच शब्द बसतो. रामसर करार, पॅरिस करार असे आपण म्हणतोच. 'क्रियान्वयन'ही हिंदीतून आलेले आहे. अंमलबजावणी हा आपला नेहमीचा, कामाचा शब्द असताना त्याची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. शाळेतल्या 'सीसीई'चे उदाहरण घ्या. हिंदीत ते 'सतत एवं व्यापक मूल्यांकन' आहे, तर महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी गेली अनेक वर्षे ज्याच्या नोंदवह्या भरल्या ते 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन'. म्हणजे एकाच गोष्टीला दोन भाषांनी आपापला शब्द घेतला. मंत्रालयाच्या कागदांतही 'संनियंत्रण व मूल्यमापन' अशी जोडी दिसते. उलट जागेची किंमत ठरवायची असते तेव्हा आपण मूल्यांकन म्हणतो. बँक कर्ज देण्याआधी घराचा मूल्यांकन अहवाल मागते, आणि त्यात शेवटी एक आकडा असतो. नॅक महाविद्यालयाला दर्जा देते तेव्हाही वर्तमानपत्रे मूल्यांकन लिहितात, आणि तेही चूक नाही, कारण तिथेही शेवटी दर्जाचा शिक्काच बसतो. अंकन म्हणजे अंक घालणे, खूण करणे. मापन 'मा' धातूवरून आले. मान, परिमाण, अनुमान, उपमा आणि प्रमाण ही सगळी त्याचीच भावंडे. त्यातल्या 'प्रमाण'चा अर्थ मापही होतो आणि पुरावाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुराव्याशिवाय मापन होत नाही. अंकन मात्र पुराव्याशिवायही करता येते.

'मूल्य'कडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. पाणिनीने (अष्टाध्यायी ४.४.९१) हा शब्द 'मूल' म्हणजे भांडवल यावरून साधला आहे. 'मूलाशी सम' हा त्यातला एक अर्थ. पाणिनीवरची जुनी टीका काशिकावृत्ती, तिच्यातले उदाहरण कापडाचे आहे: जेवढे घातले तेवढे फळ देणारे ते मूल्य कापड. आजही सावकाराकडे मुद्दल आणि व्याज वेगळे मोजतात, त्यातले मुद्दल म्हणजे हे 'मूल'. तेव्हा मूल्यमापन करायचे तर आधी मूळ काय होते ते ठाऊक हवे. सुरुवातीला काय होते ते लिहून ठेवले नसेल, तर शेवटी काय वाढले किंवा घटले ते कशावरून सांगणार? इंग्रजी अहवालात याला 'बेसलाइन' म्हणतात. त्याचे 'आधाररेखा' झालेले मी पाहिले आहे, पण तो शब्द ऐकून काहीच कळत नाही. मूळ पातळी म्हणावे. मूल्य आणि मूळ यांचे नाते त्यात राखले जाते.

ही मूळ पातळी किती कामाची असते हे पाहायचे तर मॉन्ट्रियल करार बघावा. ओझोनचा थर विरळ करणारी रसायने थांबवण्यासाठी १६ सप्टेंबर १९८७ ला तो झाला. गरीब देश म्हणाले, आमच्याकडे शीतकपाटे आत्ता कुठे घरोघरी पोचताहेत, यंत्रे बदलायचा खर्च आम्ही कुठून करायचा? म्हणून १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत बहुपक्षीय निधी ठरला आणि १९९१ पासून तो चालू झाला. श्रीमंत देशांनी त्यात पैसे घालायचे, आणि विकसनशील देशांना करार पाळताना जो वाढीव खर्च येईल तेवढा त्यातून द्यायचा. निधीच्या कार्यकारी समितीत चौदा देश, सात घेणारे आणि सात देणारे.

विकसनशील देशांसाठी सीएफसीची, म्हणजे शीतकपाटांत थंडाव्यासाठी वापरत त्या रसायनांची, मूळ पातळी १९९५ ते १९९७ या तीन वर्षांच्या सरासरी वापराची धरली. जुलै १९९९ पासून वापर तिथेच गोठवायचा, २००५ मध्ये निम्मा, २००७ मध्ये ८५ टक्के कमी, आणि १ जानेवारी २०१० ला शून्य. भारताने १ ऑगस्ट २००८ लाच सीएफसीचे उत्पादन थांबवले, म्हणजे मुदतीच्या सतरा महिने आधी. दम्याच्या फवाऱ्यांसाठी लागणारा औषधी दर्जाचा माल तेवढा अपवाद होता.

आता याच ठिकाणी 'आउटपुट'चे 'उत्पादन' करून पाहा. 'प्रकल्पाचे उत्पादन: सीएफसीच्या उत्पादनात घट'. वाचणाऱ्याने काय समजावे? म्हणून माझे म्हणणे, आउटपुटला सरळ झालेले काम म्हणावे. कारखान्यात नवे यंत्र बसले, जुने यंत्र पुन्हा वापरता येणार नाही असे मोडून टाकले, कामगारांचे प्रशिक्षण झाले, हे सगळे झालेले काम. जुने यंत्र मोडल्याचा दाखला निधीच्या प्रकल्पांत आवर्जून मागत, कारण ते यंत्र कुणी दुसऱ्या कारखान्याला विकले तर एका ठिकाणी थांबलेला वापर दुसरीकडे सुरू व्हायचा. त्या कारखान्याचा सीएफसीचा वापर खरोखर थांबला, ही निष्पत्ती. आकाशातला थर सावरू लागला, हा परिणाम.

निष्पत्ती शब्द अवघड वाटेल असे ताईंना वाटत असेल तर गावातल्या कुठल्याही प्राथमिक शिक्षिकेला विचारावे. 'अध्ययन निष्पत्ती' त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. मुलाला काय शिकवले हे वेगळे आणि मुलाला काय येऊ लागले हे वेगळे, हा फरक त्यांनी त्या शब्दात मुरवला आहे.

परिणाम मात्र जपून वापरायचा शब्द. त्यात 'नम्' धातू आहे, वळणे. दुधाचे दही होते तो परिणाम, असे सांख्य दर्शनाचे म्हणणे. एक वस्तू वळून दुसरीच होते, आणि मागे नेता येत नाही. आउटकमलाही परिणाम आणि आउटपुटलाही परिणाम म्हटले, तर दूध विरजले आणि दही लागले यांत फरकच उरत नाही. हल्ली इम्पॅक्टसाठी 'आघात' लिहिण्याची पद्धत पडली आहे. 'पर्यावरण आघात मूल्यांकन' इथे तो एक वेळ चालेल, कारण धरणाने, खाणीने होऊ घातलेली इजाच तिथे तपासायची असते. पण मी एका अनुवादात 'प्रकल्पाचा महिलांवरील आघात' असे वाचले आहे. त्या बायकांना प्रकल्पातून रोजगार मिळाला होता! हे वाचून त्यांना काय वाटले असेल?

ताईंच्या हातातला अहवाल ज्या प्रकल्पाचा आहे तो जैवविविधता कराराच्या छायेतला. भारत त्या करारात १९९४ मध्ये सामील झाला. जागतिक पातळीवर अशा कामांना पैसा देणारी 'जीईएफ' (ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी) नावाची व्यवस्था आहे. तिच्या नावातल्या 'फॅसिलिटी'चे 'सुविधा' करू नये, कारण मराठीत सुविधा म्हटले की नळ आणि स्वच्छतागृहे आठवतात. इथे तो पैशाच्या व्यवस्थेचा शब्द आहे, तेव्हा निधी म्हणावे. त्या पैशातून, यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या) मदतीने, राज्याच्या कांदळवन कक्षाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर काम केले. खेकडापालन, कालवपालन, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांनी चालवलेली कांदळवनाची होडीसफर, आणि ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस, म्हणजे जाळ्याची भोके.

या आसाचेच उदाहरण अनुवादात वापरावे, असे मी ताईंना सुचवीन. नेहमीचा आस तिरपा असतो. जाळे ओढले की तो मिटतो आणि बारकी पिल्लेही आत अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, पिल्ले निसटतात. किती होड्यांना जाळी दिली, हे झालेले काम. किती तांडेल (होडीचे प्रमुख) ती जाळी खरोखर समुद्रात टाकतात, ही निष्पत्ती. पिल्ले मोठी होऊन चार हंगामांनी मासळी वाढली का, हा परिणाम. पहिली गोष्ट कागदावर मिळते, दुसरीसाठी बंदरावर जावे लागते, आणि तिसरीसाठी थांबावे लागते. थांबायला मात्र प्रकल्पाजवळ मुदत नसते, आणि म्हणूनच असे कितीतरी अहवाल पहिल्या गोष्टीवरच जोर देतात. तिन्हींना एकच मराठी शब्द दिला तर ही उणीव वाचकाच्या नजरेतून पूर्ण निसटते. मला या शब्दांचा एवढा आग्रह आहे तो यासाठी.

आणखी दोन शब्द. 'टर्मिनल इव्हॅल्युएशन'ला अंतिम मूल्यमापन म्हणावे. हे आपल्याला नवे नाही: नजरअंदाज पैसेवारी, सुधारित पैसेवारी, अंतिम पैसेवारी हा क्रम शेतकऱ्याला पाठ असतो. पीक उभे असताना एकदा बघायचे, मग पुन्हा, आणि हाती आल्यावर शेवटचे. मधल्या टप्प्याला मध्यावधी आढावा पुरे. दुसरा शब्द 'सस्टेनेबिलिटी'. मूल्यमापनात याचा अर्थ एवढाच असतो की पैसा थांबल्यावर काम टिकेल का. तिथे शाश्वतता हा फार मोठा शब्द होतो. 'टिकाव' लिहावे. टिकाव धरला, टिकाव लागला नाही, ही भाषा वाडीतल्या आजीलाही कळते.

मूल्यांकन हा शब्द मग टाकून द्यायचा का? मुळीच नाही. जीईएफच्या अहवालांत शेवटी सहा पायऱ्यांची श्रेणी देतात, 'अत्यंत समाधानकारक'पासून 'अत्यंत असमाधानकारक'पर्यंत. तो शिक्का म्हणजे मूल्यांकन. आधी मूल्यमापन, मग त्यावरून मूल्यांकन, असा क्रम ठेवला की दोन्ही शब्द आपापल्या जागी कामाला येतात. मधल्या दोन पायऱ्यांना 'बऱ्यापैकी समाधानकारक' आणि 'काहीसे असमाधानकारक' म्हणता येईल.

सभेत वाचून दाखवताना मात्र मी यातला एकही जड शब्द वापरणार नाही. आपल्याकडे एक शब्द आहे जो दोन्ही कामे करतो: गुण. परीक्षेत गुण मिळतात आणि औषधाला गुण येतो. श्रेणी म्हणजे मिळालेले गुण. परिणाम म्हणजे आलेला गुण. 'प्रकल्पाला गुण किती मिळाले ते अहवालात आहे. जाळ्याला गुण आला का, ते तुम्ही सांगा,' असे ताईंनी विचारले तर मच्छीमार नक्की बोलू लागतील.

आणि ती पहिली ओळ अशी लिहावी: 'पर्यावरणविषयक करारांची अंमलबजावणी करण्यासाठी विकसनशील देशांना मदत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे अंतिम मूल्यमापन'. मुखपृष्ठावर ही, आणि आतल्या पानावर वाडीसाठी: 'आपल्या किनाऱ्यावर काय काम झाले, त्यातले काय टिकले आणि त्याला काय गुण आला'.