रक्तदान शिबिराला रेडिओवरचा निवेदक बोलवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घाटंजीकडच्या गावात तुम्ही तरुण मंडळी उन्हाळ्यात रक्तदान शिबिर घेणार आहात, जोडीला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या दोन मुलांच्या औषधपाण्यासाठी थोडा निधीही जमवायचा आहे. रेडिओवरचा एखादा ओळखीचा आवाज बोलावला तर लोक खरंच येतात का, की नुसता सत्कार होऊन माणूस घरी जातो?

दोन्ही होतं. मी स्वतः सत्कार घेऊन घरी गेलेलो आहे, म्हणून सांगतो.

विदर्भातल्या एका आकाशवाणी केंद्रावर मी अकरा वर्षं नैमित्तिक उद्घोषक होतो. नैमित्तिक म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या, मानधन ड्यूटीप्रमाणे. बाकीचे दिवस माझं तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान. लोकांना वाटायचं, रेडिओवाला म्हणजे मोठा साहेब. एकदा सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेले एक आजोबा माझा आवाज ऐकून थबकले आणि म्हणाले, "तुमीच का ते रेडिओवरचे? आवाजावरून मले वाटलं, चांगला उंचपुरा गडी असन." मी पाच फूट तीन इंच आहे.

पहिलं शिबिर सांगतो. एका तालुक्याच्या गावी मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. महिना मे, वेळ सकाळी दहाची. पत्रिकेत माझं नाव, शेजारी फोटो. मी साडेनऊला पोचलो तेव्हा मंडपात बरीच माणसं होती, रक्तपेढीच्या लोकांनी खाटा मांडून ठेवल्या होत्या. पण उद्घाटक आले नव्हते. ते आले साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, चार भाषणं आणि पाचवं माझं. मी रेडिओच्या गमती सांगितल्या, लोक हसले, टाळ्या झाल्या. सुई टोचायला सुरुवात झाली तेव्हा घड्याळात एक वाजत आला होता. सकाळी चहावर निघालेली पोरं तोवर उपाशीच होती. दोघांना भोवळ आली, ते पाहून मागचे दहा-बारा उठून गेले. एकाला रक्तपेढीच्या बाईंनीच परत पाठवलं, कारण त्याचा शनिवारचा उपास होता आणि उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत. मला शाल मिळाली. परतीच्या एसटीत मी हिशेब केला: माणसं आली होती ती माझ्या आवाजामुळे, आणि गेली त्यालाही माझं भाषण थोडं कारण होतं.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय की निवेदकाचं काम शिबिराच्या आधीच्या पंधरा दिवसांत असतं आणि नंतरच्या एका दिवसात. शिबिराच्या दिवशी तो मंडपात नसला तरी चालतं. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले, आपल्याकडचेच. ते दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि कीर्तनाला रात्री उभे राहायचे. आपण हल्ली थेट रात्रीपासून सुरुवात करतो.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गावच्या मंडळानं विचारलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, स्टेजवर येत नाही, तुम्ही आधी केंद्राला पत्र द्या. कार्यक्रम प्रमुखांच्या नावानं पत्र गेलं, परवानगी मिळाली आणि ग्रामीण श्रोत्यांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात दहा मिनिटांची मुलाखत बसली. मुलाखतीला पुढारी आणला नाही, रक्तपेढीत रोज सुई टोचणारा तंत्रज्ञ आणला. आधी श्रोत्यांकडून प्रश्न मागवले होते. पोस्टकार्डं आली, फोन आले, श्रोता संघाच्या लोकांनी गावात विचारून चिठ्ठ्या पाठवल्या. (श्रोता संघ तुमच्या भागात असेल तर आधी त्यांना गाठा. आवाजावर जीव टाकणारी ही माणसं कोणत्याही फ्लेक्सपेक्षा जास्त कामाची.) प्रश्न बघा कसले होते. रक्त दिलं तर नांगराला जोर राहते का? बीपीची गोळी चालू आहे, चालते का? बाईमाणसाले देता येते का? काढलेलं रक्त इकतात म्हणे, खरं का?

हे प्रश्न कोणी भाषणात विचारत नाही. पण रेडिओ घरात असतो, चुलीजवळ असतो, तिथे विचारायला लाज वाटत नाही. तंत्रज्ञानं सरळ उत्तरं दिली. वय अठरा ते पासष्ट, पहिल्यांदाच देत असाल तर साठपर्यंत. वजन निदान ४५ किलो. हिमोग्लोबिन निदान १२.५. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं, बाईला चार महिन्यांनी. साधारण ३५० मिलिलिटर घेतात. गोळी चालू असली तरी त्या दिवशीचं बीपी मापात आहे का ते तिथले डॉक्टर बघतात. अंगावर पाजणाऱ्या बाईचं घेत नाहीत, पाळी चालू असेल तर त्या दिवशी घेत नाहीत. पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून देशभर बंदी आहे. रक्तपेढी घेते तो तपासणीचा आणि साठवणुकीचा खर्च, आणि सिकलसेल, थॅलेसेमियाच्या रुग्णाला तोही लागत नाही, घेतलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा बदली रक्तदाताही मागत नाहीत. शेवटचं वाक्य मी त्याला मुद्दाम दोनदा म्हणायला लावलं. आपल्या पूर्व विदर्भात आणि यवतमाळच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची पोरं असलेली घरं किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. बदली रक्तदाता शोधत फिरलेला बाप मी दुकानासमोर पाहिलेला आहे.

त्या शिबिराला गर्दी पहिल्यापेक्षा कमी होती. मंडप नव्हता, झेडपीच्या शाळेची दोन खोल्यांची इमारत होती. पण आलेला जवळजवळ प्रत्येक जण न्याहारी करून, पाणी पिऊन, काय होणार ते ऐकून आलेला होता. सकाळी सातला सुरू झालं, दहाच्या आत आटोपलं. भोवळ एकालाही आली नाही.

एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली नव्हती. रेडिओवर "बाईलाही देता येतं" असं आम्ही मोठ्या उत्साहानं सांगितलं आणि बाया खरंच आल्या. पातळाचा पदर खोचून, शेजारणीला सोबत घेऊन. त्यातल्या अर्ध्याहून जास्त परत गेल्या. कोणाचं हिमोग्लोबिन नऊ, कोणाचं दहा. बोटातून थेंब काढायचा आणि "तुमचं जमत नाही" म्हणायचं. एका ताईचा चेहरा असा उतरला जणू तिला सगळ्यांसमोर नापास केलं. तो दोष माझा होता, आधी सांगायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात मी माईकवर ते बोललो: परत आलेल्या कोणी कमी नाही, उलट आपल्या अंगात रक्त किती ते फुकटात कळलं, आता आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या आणा, सोबत लिंबू पिळलेली पालेभाजी खा, आणि गोळी चहासोबत घेऊ नका. चार-पाच महिन्यांनी फर्माइशीच्या कार्यक्रमात एका बाईचा फोन आला. गाणं सांगायच्या आधी म्हणाली, "भाऊ, माह्यं तेरा झालं." ड्यूटी रूममध्ये कोणाला काही कळलं नाही, मला कळलं. तिनं मग लावायला सांगितलं ते गाणं आमच्याकडे नव्हतं, तो भाग वेगळा.

तुमच्या पोरांपैकी कोणी तरी भेटवस्तूचं म्हणेलच. प्रत्येक रक्तदात्याला टिफिन डबा, हेल्मेट, चांदीचं नाणं. निवेदकाकडून हे माईकवर बोलून घेऊ नका, आणि शहाणा निवेदक बोलणारही नाही. डब्यासाठी आलेला माणूस मागच्या वर्षीची कावीळ सांगत नाही. चहा, बिस्किट, प्रमाणपत्र पुरे.

निधीचं मी वेगळं ठेवीन. शिबिर आणि पैसा एका आवाहनात आले की गावात लगेच "रक्त इकून पैसा करून राह्यले" असं सुरू होतं. आमच्या केंद्रावर तर माईकवरून पैशाचं आवाहन करायची मुभाच नव्हती, आणि आज मागे वळून बघता ते बरंच होतं असं मला वाटतं. निवेदकावर लोकांचा विश्वास असतो तो त्यानं सांगितलेल्या हवामानावर आणि गाण्यावर. त्याच्या मोबाईलवर पैसे पाठवा म्हटलं की हिशेब त्याच्या गळ्यात. तुम्हाला पैसे जमवायचेच असतील तर गणेश मंडळाला चालतं तेच इथे: सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या, किंवा आधीच नोंदलेल्या एखाद्या संस्थेच्या खात्यावर घ्या. क्यूआर कोड त्या खात्याचा, कोणा पोराच्या फोन पेचा नाही. आयकरात सवलत मागणारा नोकरदार दाता भेटला तर त्याला सांगा, संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीवर आयकर सवलतीची मान्यता, आहे का ते विचार आणि दोन हजारांवरची रक्कम रोखीत देऊ नको, ती धरली जात नाही. निधी जमल्यावर किती आला, कुठे गेला हे गावच्या फळ्यावर लावा आणि जमलं तर रेडिओवर "आभार" म्हणून एक ओळ जाऊ द्या.

आता रेडिओ कोणता. नागपूर, अकोल्यासारख्या शहरात खाजगी एफएम आहेत, तिथल्या आरजेला पोरं ओळखतात, त्याच्यासोबत सेल्फी काढायला येतात. पण त्याचा टप्पा शहराभोवतीचा, तुमच्या गावात तो मोबाईलवरच्या रीलमधून पोचलेला असतो, आणि कार्यक्रमाला यायचे तो पैसे घेतो. घेऊ दे, तो त्याचा धंदा आहे, पण तेवढ्यात दोन वर्षांच्या शिबिरांचा चहा होतो. जवळपास सामुदायिक रेडिओ असेल तर सोन्याहून पिवळं. २००२ मध्ये आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रांनाही त्याची परवानगी मिळू लागली. टप्पा दहा-बारा किलोमीटरचा, पण बोलणारी ताई त्याच गावची, तिला कोणत्या घरी काय आहे ते ठाऊक. दोन्ही नसेल तर आकाशवाणी आहेच. नागपूर केंद्र १९४८ पासून चालू आहे आणि यवतमाळ, चंद्रपूर, अकोला इथे स्थानिक केंद्रं आहेत. मात्र तिथे कार्यक्रमांचं नियोजन तिमाही असतं, त्यामुळे "परवा शिबिर आहे, उद्या लावा" असं जमत नाही. पत्र महिनाभर आधी गेलेलं बरं.

सूचना लिहून देताना एक काळजी घ्या. वर्तमानपत्रातली बातमी कापून ठेवता येते, रेडिओवरचा आकडा एकदा बोलला की हवेत गेला. ऐकणारा गोठ्यात असतो, हातात पेन नसतं. म्हणून पत्ता असा द्या: "बस स्टँडवरून मारुतीच्या देवळाकडे, शाळेत." मोबाईल नंबर शक्यतो देऊच नका, द्यायचाच तर दोन-दोन आकडे तोडून आणि दोनदा. "मान्यवरांच्या उपस्थितीत" हे शब्द आले की निवेदकाला ते वाचताना झोप येते आणि ऐकणारा बटण फिरवतो.

तारीख ठरवताना रक्तपेढीला विचारा, तुम्हाला कधी गरज आहे. एक मे, पंधरा ऑगस्ट अशा दिवशी सगळीकडे शिबिरं होतात आणि साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवसच टिकतं, तेही २ ते ६ अंशांत ठेवलं तर. मग जून-जुलैत पुन्हा ठणठणाट. गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी ते बघा, एकादशी-चतुर्थी टाळा, लग्नाची दाट तिथी टाळा, आणि मृगाआधी उरका. पेरणी लागली की आमच्याकडचा माणूस स्वतःच्या दवाखान्यालाही जात नाही.

आणि हो, शिबिर कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं असेल तर रक्त घ्यायला हरकत नाही, रक्ताला पक्ष नसतो. पण आकाशवाणीच्या माणसाला त्या फ्लेक्सखाली उभं करू नका. त्याच्या सहा ड्यूट्या जातील.

मानधनाचं तुम्ही संकोचानं विचारलंय. नैमित्तिक उद्घोषक असेल तर जाण्यायेण्याचा खर्च आणि दुपारचं जेवण द्या, तो आनंदानं येईल. त्याला शिबिराच्या दिवशी बोलवायचंच झालं तर खुर्ची स्टेजवर मांडू नका, नोंदणीच्या टेबलामागे मांडा. नाव लिहून घेताना तो दोन शब्द बोलेल, आवाज ओळखीचा वाटून माणसाची भीती निम्मी उतरेल. फक्त शाल देऊ नका. माझ्याकडे नऊ आहेत, आणि आपल्याकडे थंडी किती दिवस असते ते तुम्हाला माहीतच आहे.