आजोबांच्या ट्रंकेतलं ‘बुलडॉग’

प्रश्न: नमस्कार सर, आमचं साखर पेठेतलं जुनं घर पाडायला काढलंय, तर माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या धोतरात गुंडाळलेलं एक बुटकं रिव्हॉल्वर सापडलं. नळी जेमतेम अडीच इंच, पाच गोळ्यांचं, वर इंग्रजीत ‘ब्रिटिश बुलडॉग’ कोरलंय आणि सिलिंडरवर अंड्यासारख्या गोलात ई एल जी अशी अक्षरं, डोक्यावर मुकुट. मामा म्हणतात वेब्ली या इंग्लिश कंपनीचं आहे, लाखात जाईल, आधी चिंच लावून चकचकीत कर. खरंच किती येतील? — एक वाचक, सोलापूर

उत्तर: दादा, मामांना सांगा चिंच आमटीत घाला. गंजाबरोबर जुना निळसर-काळा रंग आणि पुसट छाप पण जातील, आणि आपल्याला वाचायचेत ते छापच. घासलेल्या रिव्हॉल्वरच्या अक्षरांच्या कडा गोल होतात, स्क्रूभोवती खळगा पडतो, जाणकार बघताक्षणी भाव पाडतो.

आता ते ‘ब्रिटिश’ नाव. वेब्लीनं बुलडॉग १८७२ ला काढलं, खिशात मावणारं आणि गोळी चांगली जाडजूड, ते एवढं चाललं की बेल्जियममधल्या लिएजच्या कारागिरांनी ढिगानं नकला केल्या, नावासकट. ई एल जी हा लिएजच्या तपासणीचा शिक्का, त्यावर मुकुट आला १८९३ पासून, म्हणजे तुमचं त्याआधीचं नाही आणि वेब्लीचं तर नाहीच. वेब्लीचं असतं तर कंपनीचं नाव किंवा तिचा पंखवाल्या गोळीचा छाप दिसला असता. सिनेमातल्या पोलिसांकडं असतं तसलं कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ चं, त्याला सहा गोळ्या आणि सिलिंडर बाजूला उघडतं, तुमच्यात उजवीकडं बारीक झाकण असेल, एकेक काडतूस तिथनं भरायचं. पण उघडून बघत बसू नका, आत काय आहे माहीत नाही, चापाला तर बोट पण लावायचं नाही.

लाखाचं म्हणाल तर विसरा. नकला भरमसाट, आणि आपल्याकडं घेणाऱ्याला लायसन्स लागतं, त्यामुळं गिऱ्हाईक मोजकंच. त्याहून मोठी भानगड म्हणजे लायसन्स आजोबांच्या नावावर असेल तर तुमच्याकडं ते ठेवणं हाच गुन्हा. पिशवीत घालून रिक्षानं नेऊ नका, आधी पोलीस स्टेशनला कळवा, ते सांगतील तसं जमा करून पावती घ्या, वारस म्हणून अर्ज नंतर. आणि ट्रंकेचा तळ परत एकदा चाळा, लायसन्सचं जुनं पुस्तक बहुतेक त्याच धोतराखाली असेल.