नौदलाच्या इलेक्ट्रॉनिक युद्ध प्रणालीचे सुटे भाग उद्यमबागेत बनवता येतील का?

आपण विचारले आहे की, बेळगावच्या उद्यमबागेत दोन सीएनसी यंत्रांवर हायड्रॉलिकची कामे करणाऱ्याने या धंद्यात उतरावे का आणि आपली यंत्रे त्यासाठी पुरेशी अचूक आहेत का. यंत्रे पुरेशी आहेत. घात करते ती ‘मापात बसले म्हणजे झाले’ ही आपल्याकडची समजूत.

नौदलाच्या विद्युत शाखेतून निवृत्त होऊन येळ्ळूरला परतल्यावर मी काही वर्षे जॅमरचे (शत्रूचे रडार गोंधळवणाऱ्या यंत्राचे) ट्रान्समीटर दुरुस्त करणाऱ्या एका खाजगी कंपनीचे काम केले. तिथल्या टेस्ट बेंचवरील एक्स बँडच्या, म्हणजे 10 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वाहून नेणाऱ्या पोकळ नळीला (वेव्हगाइडला) नवा पितळी फ्लँज, म्हणजे दुसऱ्या नळीशी जोडणारा भाग, हवा होता आणि परदेशी भागासाठी अनेक महिने थांबावे लागले असते, म्हणून मी तो उद्यमबागेतील माझ्या चुलतभावाकडून करून घेतला. त्याच्या आतल्या आयताकृती भोकाचे माप 22.86 बाय 10.16 मिलिमीटर, आणि त्याने ते काटेकोर साधले होते. पण शेवटी चकाकी यावी म्हणून त्याने तोंडावर, म्हणजे जोडाच्या सपाट बाजूवर, पॉलिश पेपर फिरवला आणि आतली कड किंचित गोल झाली. कमी शक्तीवर काहीच जाणवले नाही. पूर्ण शक्ती दिल्यावर काही मिनिटांत तो जोड हात लावता येऊ नये इतका तापला, आत ठिणगी पडली आणि परत फिरलेल्या शक्तीमुळे संरक्षक ट्रिप बसून संच बंद झाला, म्हणूनच लहरींची शक्ती वाढवणारी ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब वाचली. उघडून पाहिले तेव्हा त्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग होता.

कंपनीने भावाचे बिल अडवले. तो आजही म्हणतो, “दादा, मापात बसलंय की, मग आणि काय पायजे होतं?” 10 गिगाहर्ट्झला तांब्यातील बहुतेक प्रवाह पृष्ठभागाच्या एका मायक्रॉनहून पातळ थरातून वाहतो, तिथे गोल कडेमुळे जोडाच्या दोन तोंडांमध्ये राहिलेली फट व्हर्नियरला दिसत नसली, तरी लहरींना दिसते. हे मी त्याला प्रत्येक गणपतीत सांगत आलो आहे.

आता धंद्याविषयी. हैदराबादच्या डीएलआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने विकसित केलेली ‘शक्ती’ ही इलेक्ट्रॉनिक युद्ध प्रणाली 2021 साली आयएनएस विशाखापट्टणम या युद्धनौकेवर बसली, त्यामुळे देशी भागांची गरज राहणारच आहे. जहाज पंचवीस-तीस वर्षे चालते आणि त्यातील कित्येक भागांचे उत्पादन त्याच्या निम्म्या काळातच थांबते. सोव्हिएत संघ विघटित झाल्यावर सुट्या भागांसाठी आपल्या नौदलाची झालेली ओढाताण आमच्या पिढीने पाहिली आहे. संरक्षण मंत्रालयाच्या ‘सृजन’ पोर्टलवर आयात होणाऱ्या वस्तू पाहून सुरुवात करावी. धातूचे प्रमाणपत्र आणि पहिल्या नमुन्याची मंजुरी यांत बराच काळ जातो, तेव्हा हायड्रॉलिकची कामे सोडू नयेत. हे सारे फ्लँज, पेट्या, उष्णता वाहून नेणारे तळ अशा भागांनाच लागू आहे. ट्यूब किंवा सेमीकंडक्टर हे लेथवाल्याचे काम नव्हे.

ज्या ड्रॉइंगवर तोंडाच्या सपाटपणाची मर्यादा आणि कडेची स्थिती लिहिलेली नसेल, ते काम हाती घेण्यापूर्वी परत पाठवावे, मग ते आणणारा घरचा माणूस का असेना. भावाला दिलेल्या ड्रॉइंगवर या दोन्ही गोष्टी नव्हत्या, आणि ते ड्रॉइंग मी काढले होते.