मुलगी सहावीत जाणार आहे, शाळेचा बँड घेऊ द्यावा का?

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं: लेक ऑगस्टमध्ये मिडल स्कूलला जाणार, शाळेकडून बँडचा (फुंकवाद्यं आणि तालवाद्यांचा वर्ग) फॉर्म आलाय आणि ती हटून बसलीय. घरात कुणी कधी वाद्य हातात धरलेलं नाही. तीन वर्षं ती हिंदुस्थानी गाणं शिकतेय. बँडच्या नादात अभ्यास आणि गाणं दोन्ही बुडेल, ही तुमची धास्ती. तुम्ही ऑस्टिनजवळ, आम्ही डॅलसच्या उत्तरेला, त्यामुळे टेक्ससपुरतं बोलते. इतर बऱ्याच राज्यांत चौथी-पाचवीपासून सुरुवात होते, तासाची पद्धतही वेगळी असते.

माझी दोन्ही मुलं यातून गेली. थोरल्याने तीन वर्षं ट्रॉम्बोन वाजवला आणि सोडला. धाकटी सातवीत आहे, क्लॅरिनेट वाजवते. तेव्हा घेऊ द्या, असंच सांगेन. फक्त एक वर्ष पूर्ण करायचं हे आधी ठरवून घ्या आणि पुढे कॉलेजच्या अर्जात शोभेल म्हणून मात्र नको. तसल्या हेतूने आलेली मुलं ऑक्टोबरपर्यंत वाद्याची पेटी उघडायला कंटाळतात.

सहावीतच का, तर आपल्याकडे या वर्षी सगळेच शून्यापासून सुरू करतात. बऱ्याच शाळांत क्लॅरिनेटवाल्यांचा तास वेगळा, ट्रम्पेटवाल्यांचा वेगळा. वीस जण एकत्र बेसूर वाजवतात, कुणालाच लाज वाटत नाही. सातवीत ही सोय राहत नाही. तेव्हा सगळे पूर्ण बँडमध्ये बसतात आणि वसंतात यूआयएलच्या (टेक्ससमधल्या शालेय स्पर्धा भरवणारी संस्था) काँटेस्टला जातात. मग मधेच नवं मूल घ्यायला डायरेक्टर, म्हणजे बँडचे शिक्षक, नाखूश असतात.

अभ्यासाची काळजी तुम्ही चुकीच्या ठिकाणी करताय असं मला वाटतं. गणित, सायन्स हे कोअर म्हणजे सक्तीचे विषय, बँड इलेक्टिव्हच्या, म्हणजे ऐच्छिक विषयांच्या, खणात (वेळापत्रकातल्या तासात) बसतो. टक्कर होते ती इलेक्टिव्हचीच एकमेकांशी. आमचं इथेच चुकलं. सातवी-आठवीत हायस्कूल क्रेडिटचं स्पॅनिश घ्यायचं होतं, ॲथलेटिक्सही हवं होतं, आणि खण उरला एक. म्हणून फॉर्म भरण्याआधी काउन्सेलरला नेमकं विचारा: सातवीत इलेक्टिव्हचे खण किती, आठवीत किती? सहावीचं उत्तर ऐकून परत येऊ नका. बँड घेतला की सहावी ते आठवीतली फाइन आर्ट्सची अट आपसूक पूर्ण होते, हा त्यातला फायदा. शिवाय इथला ‘नो पास, नो प्ले’चा कायदा आहेच. एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलं की, थोडे अपवाद सोडले तर, शाळेच्या स्पर्धा-उपक्रमांत काही काळ भाग घेता येत नाही. आमच्या थोरल्याला सोशल स्टडीजचा राहिलेला प्रोजेक्ट मी पाच वेळा सांगून पूर्ण झाला नव्हता, बँड डायरेक्टरांनी एकदाच बघितलं आणि त्याच रात्री झाला.

आता वाद्य. ते तुम्ही निवडू नका, आणि लेकीने घरी बसून यूट्यूबवर निवडलेलं अंतिम समजू नका. वसंतात शाळा एक संध्याकाळ ठेवते, तिथे मुलांना प्रत्येक माउथपीस फुंकून बघायला देतात आणि तीन पसंती लिहून घेतात. आमच्या धाकटीला फ्लूटच हवी होती. सगळ्याच मुलींना हवी असते. बँडच्या बाईंनी तिला फ्लूटचा नुसता वरचा तुकडा फुंकायला दिला, ओठांकडे निरखून पाहिलं आणि हसल्या. तिच्या वरच्या ओठाला मधोमध एक छोटं टोक आहे, थेंबासारखं. त्याने फुंकर दुभंगते, अर्धा वारा भोकाच्या बाहेर जातो. मग क्लॅरिनेटचा माउथपीस दिला आणि पहिल्या फुंकरीत सणसणीत सूर आला. घरी येईपर्यंत फ्लूट विसरली होती.

थोरल्याची गंमत वेगळी. तो मंडळाच्या ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचा, त्यामुळे पर्कशनमध्ये आपल्याला पायघड्या घालतील अशी त्याची खात्री. पण पर्कशनला जागा मोजक्या, मागणारे अर्धी शाळा, आणि पियानो येणाऱ्यांना आधी घेतात, कारण पहिलं वर्ष ड्रमइतकंच बेल्सवर (पियानोसारख्या मांडलेल्या धातूच्या पट्ट्यांवर) जातं. त्याचा नंबर लागला नाही. दोन दिवस जेवला नाही नीट. डायरेक्टरांनी ट्रॉम्बोन सुचवला, कारण नुकत्याच ब्रेसेस लागल्या होत्या. ट्रम्पेटचा लहान माउथपीस ब्रेसेसवर दाबला की ओठ आतून सोलवटतात, ट्रॉम्बोनचा मोठा, त्यामुळे त्रास कमी. तुमच्या लेकीला येत्या दोन वर्षांत ब्रेसेस लागणार असतील तर त्या संध्याकाळी हे आवर्जून सांगा.

वाद्य विकत घेऊ नका. हे मी स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलेय. ऑनलाइन १४० डॉलरला नवीकोरी चकचकीत क्लॅरिनेट मिळत होती, सोबत हातमोजेसुद्धा. घेतली. तीन आठवड्यांत एक की वाकली. दुरुस्तीवाल्याने हातात घेतली, दोनदा फिरवली आणि परत दिली. म्हणाला, याचं धातूच मऊ आहे, मी सरळ केली तर तुटेल. त्या तीन आठवड्यांत लेकीला वाटत होतं की आपल्यालाच वाजवता येत नाही. पैसे गेले त्याहून मला ते जास्त लागलं. आता म्युझिकच्या दुकानातून भाड्याने घेतलीय, महिन्याला ३० डॉलरच्या आसपास, दुरुस्ती त्यातच, आणि भाडं पुढे किमतीतून वळतं होतं. ट्यूबा, युफोनियम, फ्रेंच हॉर्न अशी मोठी किंवा महागडी वाद्यं बहुतेक शाळांकडेच असतात, नाममात्र फी घेऊन वापरायला देतात. खर्च हाच अडसर असेल तर डायरेक्टरांना सरळ विचारा, लाजू नका. क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन असेल तर रीडचा (माउथपीसवरच्या वेताच्या पातळ पट्टीचा) खर्च चालूच राहतो. आणि टेक्ससच्या उन्हात वाद्याची केस गाडीत ठेवू नका, भोकं झाकणाऱ्या पॅडचा गोंद सुटतो.

पहिले दोन महिने घरात काय चालतं ते कुणी सांगत नाही. क्लॅरिनेट चिरकते. आधी तर अख्खी क्लॅरिनेटही नसते, नुसता माउथपीस आणि बॅरल (त्याखालचा छोटा तुकडा) जोडून एकच सूर, रोज वीस मिनिटं. माझ्या नवऱ्याची मीटिंग चालू होती, समोरच्याने विचारलं, घरात स्मोक अलार्म वाजतोय का? त्या काळात हसू नका, आणि ‘गराजमध्ये जाऊन वाजव’ असं म्हणू नका. आम्ही दोन्ही केलं. मग ती आमच्यासमोर वाजवेनाशी झाली, ते परत सुरू व्हायला नाताळचा कॉन्सर्ट उजाडला.

बँडने मुलांना काय दिलं, असं विचाराल तर मला ट्रॉम्बोनवाल्याचं गुडघ्यावरचं बोट आठवतं. ट्रॉम्बोनला सोळा-सोळा मात्रा, कधी त्याहून जास्त, गप्प बसावं लागतं. पहिल्या कॉन्सर्टला मी त्याच्याकडे बघत होते. स्लाइड मांडीवर, ओठ हलतायत, एक बोट गुडघ्यावर ठोके मोजतंय, आणि बरोबर जागेवर सहा जणांचे ट्रॉम्बोन एकदम उचलले गेले. घरात दोन मिनिटं दुसऱ्याला बोलू न देणारा मुलगा. काँटेस्टमध्ये साइट रीडिंगची खोली असते. तिथे न पाहिलेलं नोटेशन समोर ठेवतात, थोडी मिनिटं वाद्य न वाजवता मात्रा मोजायच्या, बोटं नुसती चालवायची, आणि मग सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. घरी येऊन तो त्याचंच वर्णन तासभर करत होता, रेटिंग काय मिळालं ते मला जेवताना विचारावं लागलं.

तरी आठवीनंतर त्याने सोडलं, आणि आम्ही अडवलं नाही. हायस्कूलचा मार्चिंग बँड, म्हणजे मैदानावर चालत वाजवणारा बँड, हा वेगळाच संसार आहे. ऑगस्टच्या उन्हात कॅम्प, शुक्रवारी फुटबॉलची मॅच, शनिवारी काँटेस्ट. शाळेच्या वेळेबाहेरच्या सरावाला आठवड्याला ८ तासांची मर्यादा आहे खरी, पण मोसमात घरचं वेळापत्रक त्यावरच चालतं. काही मुलं त्यात फुलतात, पीईचं (शारीरिक शिक्षणाचं) क्रेडिटही मिळतं. त्याला रोबॉटिक्स हवं होतं. सहावीचा फॉर्म भरताना हा निर्णय डोक्यात घेऊ नका, तो तीन वर्षं पुढे आहे.

राहिलं गाणं. ‘कान बिघडेल का’ असं तुम्ही विचारलंय. माझे बाबा गेल्या वर्षी इथे आले होते. मंडळाच्या एका सद्गृहस्थांची पेटी आणली होती. नात क्लॅरिनेटवर सा रे ग म वाजवायला बसली, तिच्या पुस्तकातल्या सीपासून. बाबांनी पांढरी एक (पेटीवरचा सी) धरली आणि दोघांचं असं काही जुंपलं की कुत्रं उठून बाहेर गेलं. बाबा म्हणाले, वाद्य उतरलंय. ती म्हणाली, पेटी चुकतेय. मग बाबांनी डोळे मिटून एकेक पट्टी चाचपली आणि काळी पाचवर थांबले. क्लॅरिनेटचा लिहिलेला सी म्हणजे वाजणारा बी फ्लॅट, आपली काळी पाच. आल्टो सॅक्सोफोनचा सी काळी दोनवर, फ्रेंच हॉर्नचा पांढरी चारवर. बाबांनी हे एका कागदावर लिहून फ्रीजला लावलंय. नातीला ट्रान्सपोझिशन, म्हणजे लिहिलेला सूर एक आणि वाजणारा दुसरा, बँडच्या तासाला समजलं नव्हतं, ते त्या दुपारी समजलं.

गाण्याचा क्लास चालू ठेवा. आणि तुमच्या गाण्याच्या बाई मुलीला काळी पाचमध्येच शिकवत असतील, तर वाद्य निवडायच्या त्या संध्याकाळी फॉर्मवर क्लॅरिनेट पहिल्या तिनात लिहायला सांगा.