कार्डावरची 'अस्मिता'

सोलापुरातल्याच एका वाचकानं विचारलंय. शहरातल्या एका प्रदर्शनात त्यांनी एक चित्र पाहिलं: दोन बायका शेजारी बसलेल्या, दोघींच्या गुडघ्यांवरून एकच चादर. थोरलीच्या मांडीवर सूप, सुपात विड्या. धाकटीचा चेहरा रंगवलेलाच नाही, नुसता मातकट हात फिरवलेला. शेजारच्या कार्डावर इंग्रजीत 'आयडेंटिटी', मराठीत 'अस्मिता', आणि खाली 'आलंकारिक चित्र'. हे शब्द बरोबर आहेत का?

'आलंकारिक'चं आधी उरकतो. चूक आहे. कोशात 'फिगरेटिव्ह'पुढे जो पहिला अर्थ दिसला तो कुणीतरी उचललाय. भाषा आलंकारिक असते. चित्राच्या बाबतीत 'फिगर' म्हणजे आकृती, म्हणून 'आकृतिप्रधान'. माणसंच असतील तर 'मानवाकृतिप्रधान'.

'अस्मिता'ची गोष्ट मजेशीर आहे. संस्कृतात 'अस्मि' म्हणजे 'मी आहे', त्याला 'ता' लागला. पतंजलीच्या योगसूत्रांत पाच क्लेश सांगितलेत, त्यात अविद्येच्या मागोमाग हिचा नंबर. पाहणारा आणि त्याचं पाहण्याचं साधन, दोन्ही एकच वाटू लागणं म्हणजे अस्मिता. म्हणजे मुळात हा घालवायचा दोष! आज आपण ती जपतो, ती दुखावते, तिच्यापायी मोर्चे निघतात. अर्थ पार उलटला, पण एक गोष्ट तशीच राहिली: अस्मितेला 'मी' किंवा 'आम्ही' पुरेसे असतात, समोर दुसरं कुणी असावं लागत नाही.

'ओळख' तशी नाही. 'ओळखणे'च्या मागे संस्कृत 'उपलक्ष्' आहे, गुजरातीतही 'ओळखवुं' आहे. आपल्या पूर्व भागातलं तेलुगू 'गुर्तु' किंवा अक्कलकोटकडचं कानडी 'गुरुतु' घ्या, दोन्हींचा अर्थ आधी 'खूण' आणि मग ओळख. मराठीत तर हा शब्द भलताच कामसू आहे. ओळख होते, वाढते, पटते. कामापुरती लावता येते. आणि पैसे उसने नेलेला माणूस नव्या पेठेत समोरून आला तर ओळख देत नाही. एसटीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला नुसतं 'मंगळवेढा' म्हणा, "मग अमक्याचे तुम्ही कोण?" म्हणत तो बार्शीच्या आत ओळख काढतो. त्याच्या लेखी तुम्ही कोण आणि तुम्ही कुणाचे कोण, हा एकच प्रश्न. 'माझी ओळख' म्हणजे मी कोण ते, आणि 'माझी त्यांच्याशी ओळख' म्हणजे नातं. एकच शब्द दोन्हीकडे चालतो. इंग्रजी 'आयडेंटिटी'ला हे जमत नाही, तिच्या लॅटिन मुळात 'तोच, तेच' एवढंच आहे.

चेहऱ्याविना ओळख पटते का? आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांची मदर तेरेसांवरची चित्रं आठवा. निळ्या काठाची पांढरी साडी, आणि चेहऱ्याच्या जागी कुणीच नाही. तरी 'या कोण' असं कुणी विचारत नाही, काठ पुरतो. हुसेन तान्हे असतानाच त्यांची आई गेली होती, तिचा चेहरा त्यांना आठवत नसे.

तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, की एक आजी चित्रापुढं थांबल्या, बिनचेहऱ्याच्या धाकटीकडं बोट करून म्हणाल्या, "ही बी विडीवालीच की. बोटं बघ तिची." आणि मग तुम्हाला त्या बोटांच्या टोकांचा तंबाखूचा काळपटपणा दिसला. अहो, उत्तर तिथंच मिळालं होतं, मला कशाला विचारलंत!

तेव्हा कार्डावर 'ओळख' हवं. आणि बदलायला सांगणारच असाल तर हेही सांगा: 'आकृती' एकटी असते तेव्हा दीर्घ, पण 'आकृतिप्रधान'मध्ये 'ति' ऱ्हस्व. नाहीतर नवं कार्ड पुन्हा माझ्याकडंच येईल.