द्विशिक्षकी शाळेत रुजू होणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नेमणुकीचे वृत्त वाचून आनंद झाला. शिक्षणसेवक म्हणून ३ वर्षे १६,००० रुपयांच्या मानधनावर काढायची आणि तीही द्विशिक्षकी शाळेत, याची धास्ती तुझ्या पत्रात दिसते. मानधन शासन ठरवते. त्याबाबत मी काय सांगणार? मात्र केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी म्हणून, शाळा पाहताना एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. सारखाच पगार, सारखाच पट आणि पावसाळ्यात सारखेच गळणारे छप्पर असूनही एका शाळेतील शिक्षक रमलेला असतो, तर दुसरीकडचा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेला असतो. आणि पुष्कळदा फरक एवढाच असतो की पहिल्याला अडचण मोकळेपणाने विचारायला कोणीतरी आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला २ शिक्षक मिळतात, म्हणजे शाळेत तुला एकच सहकारी असेल. त्यांच्याशी सूर जुळला तर उत्तमच. न जुळला तरी पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या शासकीय प्रणालीत भरायची शाळेची माहिती आणि एकमेकांच्या रजा यांत परस्परांवाचून चालत नाही, तेव्हा सौजन्य सांभाळ. मैत्रीची सक्ती मात्र स्वतःवर करू नकोस.

तुझा खरा गोतावळा शाळेबाहेर जमेल. तालुक्याच्या गावाहून सकाळी चार-पाच शाळांचे शिक्षक एकाच गाडीने निघतात. केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर परिपत्रक येते, पण त्याचा अर्थ या गाडीत उलगडतो: वेतनाचे बिल कोणत्या टेबलावर अडकले, कोणता तक्ता खरोखर तातडीचा आहे, शाळाभेट कधी होणार. जी शिक्षिका गावातच राहते, किंवा शाळा सुटल्यावर पुरुष मंडळी टपरीवर चहाला थांबतात तेव्हा जिला घरची एसटी गाठायची असते, तिला हे सारे उशिरा कळते. आपल्याला मुद्दाम वगळले जाते, असे तिला वाटू लागते. कोणी मुद्दाम वगळत नसतेही, पण ही बोच नोकरीवरचे मन उडवते. उत्तम शिकवणाऱ्या बाईंनाही मी या बोचीने खचलेले पाहिले आहे. म्हणून शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीला, थोडी आधी जा, आपल्या सहकाऱ्यांशेजारीच बसून राहू नकोस, आणि केंद्रातील दोघी-तिघी अनुभवी बाईंशी निःसंकोच फोन करता येईल इतकी ओळख वाढव.

तरीही नुसत्या घसटीने समाधान मिळत नाही. ज्युडिथ वॉरन लिटल या अमेरिकी संशोधिकेने १९९० मध्ये शिक्षकांच्या आपसांतील व्यवहाराचे चार प्रकार मांडले: गप्पागोष्टी, मागितल्यावर केलेली मदत, साहित्याची देवाणघेवाण आणि खरोखरीचे एकत्र काम. पहिल्या तीन प्रकारांनी शिक्षकाच्या वर्गातील एकटेपणाला फारसा धक्का लागत नाही, हे त्यांचे निरीक्षण आपल्या गाडीतल्या गप्पांनाही तंतोतंत लागू पडते, कारण तिथे बदल्या आणि अशैक्षणिक कामे यांवर तासभर बोलणे होते आणि मुलांचा विषय निघतच नाही. तिसरीतले मूल ५२ मधून १७ वजा करून ४५ लिहिते, कारण एककाच्या घरात ते ७ मधून २ काढते. अशा चार वह्या घेऊन शेजारच्या शाळेच्या बाईंसोबत बस, दशकाचा गठ्ठा सोडून दाखवायचा तो कधी आणि कसा हे दोघी मिळून ठरवा, दोन्ही वर्गांत करून पाहा, आणि पुढच्या आठवड्यात वह्या पुन्हा समोर ठेवा. नोकरीत मन लागते ते अशा संगतीने.

गटतट तुला तिथे भेटतीलच. संघटनेचे सभासदत्व जरूर घे, पण एका गटाचा शिक्का बसला की दुसऱ्या गटातील जाणकार माणूस हातचा जातो, हे विसरू नकोस. मुख्याध्यापकांविषयी गाडीत काढलेला शब्द दुपारच्या आत त्यांच्या कानी पोहोचतो, तेव्हा जे तोंडावर बोलता येणार नाही ते गाडीतही बोलू नये. आणि पुढे कायम झाल्यावर पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याची गळ कोणी घातली, तर भिडेखातर सही करू नकोस. असल्या सह्यांपायी जिवाभावाच्या सहकाऱ्यांत अबोला झालेला मी पाहिला आहे.

रुजू झाल्यावर सविस्तर लिही.

तुझा हितचिंतक,
एक सेवानिवृत्त केंद्रप्रमुख